येझदी घ्यायचीय? आधी कागद बघू

प्रश्न (सातारा): काका, आमच्या गावात एकांच्या गोठ्यात १९८३ ची येझदी रोडकिंग पडून आहे, दहा-बारा वर्षं कुणी किक मारलेली नाही. मालक वारले, मुलगा ४५ हजार म्हणतोय. आरसी बुक आहे पण फाटकं. मी आजवर फक्त स्प्लेंडर चालवलीय. घेऊ का? आणि व्हिंटेजमधे पासिंग होईल का?

उत्तर: घे की, पण पैसे आज देऊ नकोस. इंजिन जाम असेल तर त्याला घाबरू नको, बोअर करून नवा पिस्टन बसतो, क्रँकला नवीन रॉड टाकून मिळतो, पण कागदाला बोअर करता येत नाही ना बाबा. हँडलच्या गळ्यापाशी फ्रेमवर नंबर असतो, वरती चार वेळचा रंग बसलेला असेल, तो रॉकेल आणि फडक्याने हळूहळू काढ, ग्राइंडर अजिबात लावू नको. मग कागद ठेवून पेन्सिल घास, छाप घे आणि आरसीशी एकेक आकडा जुळव. इंजिन नंबरचंही तसंच. एक आकडा जरी जुळला नाही तरी चहा पिऊन घरी ये.

जुळलं तर पुढे बघ की गाडी ऑनलाइन वाहन पोर्टलवर दिसते का. इतक्या जुन्या गाड्या बऱ्याचदा दिसतच नाहीत, आरटीओच्या जुन्या रजिस्टरातून नोंद चढवून घ्यावी लागते, आणि ती नाही तोवर नावावर पण होत नाही आणि १ एप्रिल २०१९ आधीच्या सगळ्या गाड्यांना जी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) पाटी लागते ती पण मिळत नाही. त्यात मालक वारलेत, म्हणजे आधी फॉर्म ३१ भरून मुलाच्या नावावर, मग २९ आणि ३० भरून तुझ्या. बाकी वारसांची ना हरकत घ्यायला त्यालाच सांग, लग्न होऊन गेलेल्या बहिणीची सही राहिली म्हणून वर्ष-वर्ष अडकलेल्या गाड्या मी बघितल्यात. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरसी रिन्यू करायची असते, ती यांनी केली नसणारच, तेव्हा फी, लेट फी, ग्रीन टॅक्स किती होतो ते आरटीओत विचार आणि तेवढे त्या ४५ मधून कमी करायला सांग.

व्हिंटेजचं म्हणशील तर ५० वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे तुझी २०३३ ला. आणि तसं पासिंग केलं तर रोज फिरवता येत नाही, तुला तर तिच्यावरनं कासला जायचं असणार.

आता वस्तू मोज. येझदी बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ ला बंद पडला, आणि २०१८ ला जावा, २०२२ ला येझदी म्हणून ज्या नव्या आल्या त्या फोर स्ट्रोक, आपली टू स्ट्रोक, म्हणून त्यांच्या पार्टचा आपल्याला उपयोग शून्य. दोन्ही सायलेन्सर, स्पीडोमीटर, कार्बोरेटर, साइडचे डबे, चेनचं बंद कव्हर, हे जागेवर आहे ना बघ. डुप्लिकेट मिळतं सगळं, पण क्रोम दोन पावसाळ्यात सोलतं.

आणि दोरी बांधून ओढून चालू करायला जाऊ नको!! प्लग काढ, आत थोडं टूटी ऑइल (टू स्ट्रोकच्या पेट्रोलमधे मिसळतात ते) सोड, एक दिवस राहू दे, मग गिअर टाकून मागचं चाक हाताने हळू फिरव. किक शोधत बसशील म्हणून सांगतो, गिअरचा दांडाच आत दाबून वर घ्यायचा, तीच किक.

प्रश्न (पुणे): माझी येझदी क्लासिक पांढरा धूर फार काढते. पेट्रोलमधलं ऑइल लिटरला २० मिली केलं तरी धूर तेवढाच. काय करू?

उत्तर: ऑइल पहिलं ४० वर आण, मग पुढचं वाच. मी पण हाच शहाणपणा केला होता, खंबाटकीच्या चढाला ऑइल कमी पडून पिस्टन जाम झाला आणि मागचं चाक लॉक, नशीब क्लच दाबला गेला. धूर पेट्रोलमधल्या ऑइलचा नाहीये. गिअर ऑइल मोजून भर आणि दोनशे किलोमीटरनी परत मोज. कमी झालं तर क्लचच्या बाजूचं क्रँकचं सील गेलंय. टू स्ट्रोकमधे पेट्रोल-हवा आधी क्रँककेसमधे ओढली जाते, सील फाटलं की शेजारचं गिअर ऑइल पण त्या ओढीत आत येतं आणि जळतं. दुसऱ्या बाजूचं सील गेलं तर उलटा प्रकार, धूर नाही पण हवा घुसते, थ्रॉटल सोडला तरी गाडी रेस राहते, प्लग पांढरा पडतो. ते जास्त वाईट. खर्च सीलचा नाही, इंजिन उघडायचा आहे, म्हणून उघडलंच तर दोन्ही सील आणि बेअरिंग एकदमच बदल.

प्रश्न (नागपूर): ई-२० (२० टक्के इथेनॉलवाल्या) पेट्रोलने जुनी टू स्ट्रोक खराब होते का?

उत्तर: भाऊ, चालवत राहिलात तर फार नाही, उभी ठेवली तर होते. इथेनॉल हवेतलं पाणी धरतं, टाकी आतून गंजते, जुने रबर पाइप आणि वॉशर फुगतात. लागेल तेवढंच मिक्स करा, आठवडाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत चालवा. मिक्श्चर जरा लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, प्लग कॉफीच्या रंगाचा नसेल तर कार्बोरेटरमधला मेन जेट एक नंबर मोठा टाका.

प्रश्न (इचलकरंजी): बाबांची १९७२ ची जावा आहे, कागद क्लिअर आहेत. मिस्त्री म्हणतो अलॉय, डिस्क ब्रेक आणि नवीन रंग मारून एकदम भारी करून देतो. द्यावी का?

उत्तर: ताई, नका हो देऊ. तुमचीच गाडी खरी व्हिंटेजमधे बसते. २०२१ च्या नियमाप्रमाणे ५० वर्षांवरची आणि मूळ रूपातली गाडी लागते, फ्रेम-इंजिनमधे मोठी ढवळाढवळ केलेली चालत नाही. जुना नंबर ठेवता येतो, नोंद दहा वर्षं चालते, फक्त मग ती रॅली, प्रदर्शन किंवा पेट्रोल-दुरुस्तीपुरतीच रस्त्यावर काढायची. ते करायचं की साधी आरसी रिन्यू करून बाबांना मागे बसवून फिरवायचं हे तुमचं तुम्ही ठरवा, मी असतो तर फिरवलं असतं. टाकीवरच्या सोनेरी रेघा शाबूत असतील तर नुसतं पॉलिश करा. ब्रेक लागत नसेल तर नवे लायनर टाका आणि ड्रम गोल आहे का बघा, कोल्हापुरात उद्यमनगरला लेथवर करून मिळेल. वायरिंगची अर्थिंगची टोकं घासून साफ करा, निम्मी कटकट तिथेच संपते. हेडलाइट तरी मंदच वाटेल, पण ती ६ व्होल्टचीच आहे, अंधार पडायच्या आत घरी या.