टॉन्सिल्समध्ये मुक्कामाला असलेले विषाणू

प्रश्न : माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. गेले वर्षभर तो तोंड उघडे ठेवून झोपतो, मोठ्याने घोरतो आणि मधूनच श्वास अडकल्यासारखा होऊन दचकतो. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी टॉन्सिल्स आणि अ‍ॅडेनॉइड्स वाढल्याचे सांगून शस्त्रक्रिया सुचवली आहे. नात्यातले एक डॉक्टर म्हणतात, की अशा गाठींमध्ये विषाणू वर्षानुवर्षे राहतात. मग आधी विषाणूची तपासणी करून त्यावर औषध देता येणार नाही का? अँटिबायोटिकचे चार कोर्स होऊनही फरक पडलेला नाही. (एक वाचक, सांगली)

उत्तर : तुमच्या नातेवाईक डॉक्टरांचे म्हणणे खरे आहे, मात्र त्यामुळे तुमच्या मुलाच्या उपचारांची दिशा बदलत नाही.

टॉन्सिल्स घशाच्या दोन्ही बाजूंना दिसतात. अ‍ॅडेनॉइड मात्र नाकाच्या मागे, टाळूच्या वर असल्यामुळे नुसते ‘आ’ करायला सांगून दिसत नाही. श्वासावाटे आणि अन्नावाटे येणाऱ्या जंतूंशी रोगप्रतिकारक पेशींची गाठ पडावी, हेच या ऊतींचे काम असल्याने तेथे विषाणू सापडणे मुळीच नवलाचे नाही. 1953 साली अमेरिकेत वॉलेस रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांचे शस्त्रक्रियेत काढलेले अ‍ॅडेनॉइड्स प्रयोगशाळेत वाढवले, तेव्हा बाहेरून कोणताही जंतू न घालताही काही काळाने त्यांतील पेशी आपोआप नष्ट होऊ लागल्या आणि त्यांतून जो विषाणू मिळाला, तो आज अ‍ॅडेनोव्हायरस म्हणून ओळखला जातो. पुढे ब्राझीलमधील रिबेराव प्रेटो येथील संशोधकांनी टॉन्सिल्स-अ‍ॅडेनॉइड्सचा जुनाट त्रास असलेल्या 121 मुलांच्या ऊती तपासल्या, तेव्हा जवळजवळ प्रत्येक मुलात श्वसनमार्गाचा किमान एक विषाणू आढळला, आणि त्यांत अ‍ॅडेनोव्हायरसचे प्रमाण सर्वाधिक होते. अ‍ॅडेनोव्हायरस तेथील टी-लिम्फोसाइट या रोगप्रतिकारक पेशींमध्ये, तर एपस्टाइन-बार विषाणू बी-लिम्फोसाइट पेशींमध्ये, ताप-सर्दीचे कोणतेही लक्षण न दाखवता दीर्घकाळ राहू शकतो.

नेमकी येथेच तपासणीची अडचण होते. पीसीआर चाचणी विषाणूचा जनुकीय अंश दाखवते. तो विषाणू निव्वळ वस्तीला आहे की त्रास देतो आहे, हे त्या अहवालावरून ठरत नाही. गाठी वाढण्यामागे विषाणूंचा हात असावा, असे मानायला जागा आहे. पण ते अद्याप निर्विवाद सिद्ध झालेले नाही. शिवाय टॉन्सिल्समधून हे विषाणू हुसकावून लावणारे औषध आज उपलब्ध नाही. सिडोफोव्हिर अ‍ॅडेनोव्हायरसवर वापरतात खरे; पण ते मूत्रपिंडांना अपाय करू शकते, म्हणून प्रतिकारशक्ती फारच खालावलेल्या, गंभीर आजारी रुग्णांपुरतेच ते राखून ठेवलेले असते. एकूण पाहता या चाचणीवर पैसे खर्च करू नयेत, असे माझे मत आहे.

अँटिबायोटिकचा उपयोग जिवाणूंवर होतो, विषाणूंवर नाही. खोकला-सर्दी नसताना जोराचा ताप, टॉन्सिल्सवर पू आणि मानेत दुखऱ्या गाठी असतील, तर स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूचा संशय घेऊन डॉक्टरांनी दिलेला कोर्स पूर्ण करावाच, कारण त्यातून उद्भवणारा संधिवाताचा ताप आणि त्याने होणारा हृदयाच्या झडपांचा विकार आपल्या देशात अजून संपलेला नाही. केवळ घोरण्यासाठी मात्र पाचवा कोर्स देऊ नये.

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे झोपेत अडकणारा श्वास. रात्री मोबाइलवर काही मिनिटांचे चित्रण करा आणि ते तज्ज्ञांना दाखवा. छातीचा पिंजरा आत ओढला जातो का, श्वास किती वेळ थांबतो, हे त्यात स्पष्ट दिसते. शक्य असल्यास झोपेची (झोपेतील श्वास आणि ऑक्सिजन मोजणारी) चाचणीही करून घ्यावी. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात झोपेत श्वास अडणाऱ्या, पण ऑक्सिजन फार काळ खाली न जाणाऱ्या 5 ते 9 वर्षांच्या मुलांची सात महिन्यांनी तपासणी केली गेली. तेव्हा लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 79 टक्के, तर नुसते लक्ष ठेवलेल्यांपैकी 46 टक्के मुलांची झोपेची चाचणी सामान्य झालेली होती. म्हणजे सौम्य त्रासात नाकात मारायचा स्टिरॉइडचा स्प्रे काही आठवडे देऊन वाट पाहणे गैर नाही. परंतु श्वास वारंवार थांबत असेल, वजन वाढत नसेल, अंथरूण ओले करण्याची सुटलेली सवय पुन्हा सुरू झाली असेल किंवा कानात पाणी साचून ऐकू कमी येत असेल, तर शस्त्रक्रिया पुढे ढकलण्यात हशील नाही.

प्रश्न : टॉन्सिल्स काढल्यावर मुलांची प्रतिकारशक्ती कमी होते का? आणि घरी आल्यावर काय जपावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : तेच काम करणाऱ्या ऊती जिभेच्या मुळाशी, आतड्यात आणि इतरत्रही असल्यामुळे सहसा मुले वारंवार आजारी पडू लागत नाहीत. शस्त्रक्रियेनंतर घशात दिसणारा पांढरट थर पू नसतो; तो खरवडू नये. पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास तो सुटतो आणि त्या काळात रक्तस्राव होऊ शकतो. लाल रक्त थुंकीत आले किंवा मूल सारखे गिळू लागले, तर रात्र असली तरी थेट रुग्णालय गाठावे.