दारांची नवी पॅनेल बसवताना

प्रश्न : जुन्या एमजीबी स्पोर्ट्स कारच्या दारांसाठी तयार पॅनेल (दाराच्या आतल्या बाजूची आच्छादने) आणली, परंतु क्लिपांची छिद्रे दाराशी जुळत नाहीत. नवी छिद्रे पाडावीत का?

उत्तर : इतक्यात नकोत. या गाडीचे उत्पादन १९६२ ते १९८० पर्यंत चालले आणि दरम्यान अंतर्भागाचे तपशील बदलत गेले, त्यामुळे आणलेली पॅनेल आपल्या गाडीच्याच वर्षाची आहेत ना, हे आधी तपासावे. जुने पॅनेल कितीही कुजलेले असले तरी फेकू नये, कारण छिद्रांच्या जागा तेच खात्रीने दाखवते. दाराचे रबर व काच वरखाली करण्याची यंत्रणा बसवल्यानंतरच पॅनेल लावून पाहावे. पॅनेलच्या पाठीचा हार्डबोर्ड (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला पुठ्ठा) ओलावा शोषून वाकतो. म्हणून त्याला आधी वॉर्निश द्यावे आणि दारावर प्लॅस्टिकचा कागद चिकटवावा, जे काम हौशी मंडळी हटकून टाळतात.