तो कुठून आला, हे आधी विचार

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र येऊन आठ दिवस झाले. या आठ दिवसांत मी दोनदा उत्तर लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा कागदावर रागच अधिक उतरला, म्हणून ते कागद फाडले. आज राग बराच निवला आहे. पूर्ण निवलेला नाही, हे आधीच सांगतो.

तू लिहितेस की तुझा मित्र बॉल पायथन (एक छोटा अजगर) आणि शुगर ग्लायडर (झाडांवरून तरंगत झेप घेणारा छोटा सस्तन प्राणी) यांची पैदास करण्याचा व्यवसाय सुरू करणार आहे, तू पशुवैद्यकाच्या शेवटच्या वर्षाला असल्यामुळे त्याला भागीदार म्हणून हवी आहेस, आणि तुझा निम्मा वर्ग परदेशी प्राणी आणण्यावर नि पाळण्यावर सरसकट बंदी हवी म्हणून तुझ्याशी भांडतो आहे. काचपेटीचे तापमान, हवेतला ओलावा, उंदरांचा पुरवठा, नोंदणीचे टप्पे, पहिल्या वर्षाचा खर्च, हे सगळे तू चार पानांत व्यवस्थित मांडले आहेस. पहिली जोडी कुठून येणार, याबद्दल मात्र त्या चार पानांत एक ओळही नाही. माझ्या दवाखान्यात दोन उन्हाळे काढलेल्या मुलीच्या पत्रात ती ओळ नसावी, याचे मला वाईट वाटले. कवच मऊ पडलेल्या कासवाला तू रात्रभर उशाशी घेऊन बसलीस ते मी पाहिले आहे, तेव्हा माया, कष्ट आणि अभ्यास यांविषयी मी तुला काही सांगणार नाही. मी एवढेच सांगणार आहे की प्राणी समोर आला की तो कुठून आला, हे आधी विचार. तो कसा राहतो, काय खातो, किती जगेल, हे सगळे प्रश्न त्यानंतरचे आहेत.

हे मला कोणी शिकवले नाही, आणि ज्या प्रकारे मी ते शिकलो ते आजवर तुला सांगितलेले नाही. साधारण 2003 सालची गोष्ट आहे. एका विक्रेत्याने अकरा आफ्रिकन ग्रे पोपट तपासायला आणले आणि ते ‘ब्रीडरकडची पिल्ले’ आहेत असे सांगितले. ग्रे पोपटाच्या पिल्लाचे बुबुळ काळपट करडे असते, ते पिवळे व्हायला वर्ष-दोन वर्षे लागतात. त्या अकरांपैकी नऊ पक्ष्यांचे डोळे स्वच्छ पिवळे होते. त्यांची उड्डाणाची पिसे ओबडधोबड छाटलेली होती, छातीच्या पिसांवर जागोजागी चिकट थर होता आणि पायांत उघड्या कड्या होत्या. बंद कडी पिल्लू दोन-तीन आठवड्यांचे असतानाच बोटांवरून सरकवावी लागते, पुढे पाय वाढला की ती चढत नाही. उघडी कडी मात्र कोणत्याही वयाच्या पक्ष्याला पक्कड घेऊन बसवता येते. मध्य आफ्रिकेत फांद्यांना डिंकासारखा चिकट पदार्थ फासून आणि बोलावण्यासाठी एक पाळीव पक्षी बांधून ठेवून हे पोपट पकडतात, हे मी तेव्हा वाचलेले होते. म्हणजे जे कळायला हवे ते सगळे माझ्या टेबलावर होते. मी पिसे धुतली, जखमांना औषध लावले, प्रतिजैविके सुरू केली आणि शेवटी अकरा आरोग्य प्रमाणपत्रांवर सही केली, ज्यांत पक्ष्याच्या मुळाविषयीच्या रकान्यात मी विक्रेत्याने सांगितले तेच लिहिले.

त्यांतले चार पक्षी महिन्याभरात गेले. वर्षभराने एक गृहस्थ त्यांतलाच एक पक्षी घेऊन माझ्याकडे आले. त्याने पोटावरची सगळी पिसे उपटून टाकली होती. पक्षी कुठून घेतला, असे मी त्यांना विचारले, कारण तोवर मला झोप लागेनाशी झाली होती, आणि त्यांनी खिशातून माझीच सही असलेला कागद काढून दाखवला. पक्षी कायदेशीर असल्याचा पुरावा म्हणून त्यांनी तो जपून ठेवला होता.

उपचार केले याचा मला पश्चात्ताप नाही, आणि यावर मी आजही कोणाचे ऐकून घेणार नाही. चोरट्या मार्गाने आलेल्या प्राण्यावर उपचार करणे म्हणजे त्या व्यापाराला हातभार लावणे, असे मला तोंडावर म्हणणारे लोक भेटले आहेत. चिकटलेली पिसे घेऊन धापा टाकणाऱ्या पक्ष्याला मी कागदपत्रे मागणार नव्हतो आणि मागणार नाही. त्या काळी या विषयाचे प्रशिक्षण कोठे मिळत नव्हते, परदेशी पक्षी हाताळणारे डॉक्टर शहरात बोटांवर मोजण्याइतके होते, आणि मी नकार दिला असता तर ते अकराही पक्षी मेले असते. हे सगळे खरे आहे. पण औषध देणे हे एक काम आणि सही करणे हे दुसरे. पहिले काम पक्ष्यासाठी होते. दुसऱ्याचा फायदा विक्रेत्याला झाला, आणि ते करताना मी तो एक प्रश्न गिळला. दवाखान्याचे भाडे थकले होते, असे मी पुष्कळ वर्षे स्वतःला सांगत आलो. आज तुलाही सांगतो आहे, तेव्हा तू हे कारण म्हणून वाच, सबब म्हणून स्वीकारू नकोस.

त्या पोपटांच्या मूळ रानाचे काय झाले, तेही पाहा. घानामध्ये 1992 नंतरच्या काळात ग्रे पोपटांची संख्या 90 ते 99 टक्क्यांनी घटली, असे 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदले आहे. जंगलतोड हे एक कारण होते आणि पिंजऱ्यांसाठी झालेली पकड हे दुसरे. त्याच वर्षी जोहान्सबर्गच्या परिषदेत सायटिस, म्हणजे धोक्यातल्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, पहिल्या परिशिष्टात हा पक्षी गेला आणि रानातून पकडलेल्या पक्ष्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद झाला.

आता तुझ्या मित्राचा मुद्दा घेऊ. ‘कायदा परवानगी देतो, नोंदणी केली की झाले,’ असे तो म्हणतो. आपला 1972 चा वन्यजीव कायदा मुख्यतः देशी प्रजातींपुरता होता; 2022 च्या दुरुस्तीने सायटिसच्या याद्यांतील प्रजाती चौथ्या अनुसूचीत आणल्या, ती दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली, आणि 28 फेब्रुवारी 2024 च्या नियमांनी अशा प्राण्यांची नोंद सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर सहा महिन्यांत करणे, पुढे जन्म, मृत्यू आणि हस्तांतर कळवत राहणे बंधनकारक केले. हे चांगलेच झाले. पण त्याआधी, जून 2020 मध्ये, जे सहा महिन्यांच्या आत आपणहून प्राणी जाहीर करतील त्यांच्याकडे आयातीची कागदपत्रे मागितली जाणार नाहीत, असे सरकारने ठरवले होते. त्याशिवाय लोक पुढे आलेच नसते, हा त्यामागचा युक्तिवाद मला कळतो. तरीही जो प्रश्न सर्वांत आधी विचारायचा, तोच त्या योजनेने वगळला, आणि माझ्या 2003 च्या कागदात नि त्या योजनेत मला फारसा फरक दिसत नाही. शिवाय शुगर ग्लायडर सायटिसच्या याद्यांत नाही, म्हणून तुझ्या मित्राच्या निम्म्या व्यवसायाला ही नोंदणी लागूच होत नाही. हे त्याला ठाऊक आहे का? तुला होते का?

‘आमचे अजगर पिंजऱ्यातच जन्मलेले असतील’ हे तुझे वाक्य मी तीनदा वाचले. बॉल पायथन पश्चिम आफ्रिकेतला आहे. घाना, टोगो आणि बेनिन या देशांत रानातल्या बिळांमधून अंड्यावर आलेल्या माद्या आणि अंडीही खणून काढतात, ती उबवतात, आणि निघालेली पिल्ले शेतावर वाढवलेली म्हणून निर्यात होतात. कागदावर ते पिल्लू माणसाच्या छपराखाली जन्मले असे दिसते, पण त्याची आई गेल्या महिन्यात रानात होती. म्हणून केवळ जन्म कुठे झाला एवढ्यावर थांबू नकोस. आई कुठून आली, हेही विचार. बँकॉकहून मुंबईला येणाऱ्या प्रवाशांच्या सामानात साप, कासवे आणि माकडे मोज्यांत, डब्यांत नि पिशव्यांत कोंबलेली वारंवार सापडतात, हे तू वर्तमानपत्रात वाचतेस. जी सापडत नाहीत ती कोणाच्या तरी ‘पहिल्या जोड्या’ होतात.

हा परदेशीपणा कसा फिरतो, तेही लक्षात घे. आपले तारा कासव आपल्याकडे पाळणे गुन्हा आहे, पण देशाबाहेर तेच हौसेचा परदेशी प्राणी ठरते. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतातील एकाच व्यापारकेंद्राभोवतीच्या भागातून वर्षाला किमान 55,000 तारा कासवे गोळा केली जात असल्याचा अंदाज आहे. सिंगापूरमध्ये जप्त झालेली 51 कासवे नोव्हेंबर 2018 मध्ये कर्नाटकात परत आणली गेली. सिंगापूरमधल्या ज्या घरांत ही कासवे जातात तिथेही तुझ्यासारखीच कोणी मुलगी असेल, तिच्याकडे दिवा असेल, योग्य आहार असेल, पाठ झालेले तापमान असेल. तू तिला काय सांगशील? जे तिला सांगशील तेच घानाच्या अजगराबद्दल स्वतःला सांग.

बंदीने व्यापार भूमिगत होतो, हा तुझा आक्षेप हलका नाही. आपल्याकडे 1990-91 पासून देशी पक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आहे, आणि तरी पोपट विकले जातात, हे तुझे म्हणणे बरोबर आहे. पण युरोपीय संघाने 2005 मध्ये बर्ड फ्लूच्या भीतीने रानपक्ष्यांची आयात थांबवली आणि 2007 मध्ये ती कायमची बंद केली, त्यानंतर रानपक्ष्यांचा जागतिक व्यापार पूर्वीच्या सुमारे दहाव्या हिश्श्यावर आला, असे 2017 च्या एका अभ्यासात दिसले. उरलेला व्यापार काही अंशी इतर प्रदेशांकडे वळला, हेही त्यातच आहे. त्यामुळे बंदी निरुपयोगी असते असे मला कोणी सांगू नये. माझे मत विचारशील तर मला परवानगीची यादी हवी. बेल्जियमने सस्तन प्राण्यांसाठी ती सर्वांत आधी केली, आणि नेदरलँड्समध्ये 1 जुलै 2024 पासून अशी 30 प्रजातींची यादी लागू आहे. यादीत नाही तो प्राणी नव्याने घ्यायचा नाही. बंदीच्या यादीत सरकारला प्रत्येक वेळी धोका सिद्ध करत बसावे लागते, तोवर बाजार पुढच्या प्रजातीकडे जातो. परवानगीच्या यादीत सिद्ध करण्याचा भार आणणाऱ्यावर पडतो, आणि त्याला पहिल्याच पायरीवर प्राणी कुठून आला हे सांगावे लागते. तुझ्या वर्गातल्या ज्या मुलांशी तू भांडतेस त्यांचे शब्द उतावळे असतील, पण दिशा चुकीची नाही.

अजून एक गोष्ट, थोडक्यात. माझ्या मुलीसाठी घेतलेले लाल कानाचे कासव, म्हणजे रेड इअर्ड स्लायडर, काचेच्या भांड्यात मावेनासे झाले तेव्हा मी ते गावाबाहेरच्या तळ्यात सोडले आणि पुण्य केले असे समजून घरी आलो. मिसिसिपीच्या खोऱ्यातला हा प्राणी जगभर स्थानिक कासवांची जागा घेतो, हे नंतर वाचले. कुठून आला हे न विचारणाऱ्याला तो कुठे सोडावा हेही कळत नाही. त्या तळ्यावर मी पुढे दोन वर्षे दर रविवारी गेलो. ते कासव मला पुन्हा दिसले नाही.

तुझ्या मित्राला मी वाईट म्हणत नाही. त्याच्याकडून तीन कागद माग: पहिल्या जोडीचा सायटिस परवाना, भारतातला आयात परवाना आणि ज्याने ती जोडी वाढवली त्याच्या नोंदवहीची प्रत. ते मिळाले तर आपण दोघे बसून वाचू आणि मग मी तुझ्याशी तापमानावर हवे तितके बोलेन. न मिळाले तर भागीदारी सोड, आणि त्याने आजारी प्राणी आणला तर उपचार कर, पण कोठेही सही करू नकोस. तो चिडेल. माझ्यावर चिडलेल्या लोकांची यादी मोठी आहे आणि त्यांतले पुष्कळ अजूनही त्यांचे प्राणी माझ्याकडेच आणतात.

राहिला तुमच्या घरातला ग्रे पोपट. वडील म्हणतात की सहा वर्षे झाली, आता कशाला विचारायचे. वडिलांशी वाद घालू नकोस. पक्ष्याला घरातून काढा असे मी सांगत नाही आणि त्याला सोडून देण्याचा विचार तर मनातही आणू नकोस. येत्या रविवारी सकाळी त्याला घेऊन दवाखान्यात ये. येण्याआधी उजेडात त्याचा पाय हातात धर आणि कडी नीट बघ. ती बंद आहे की उघडी, हे मला शनिवारी रात्रीच फोन करून सांग.

तुझे सर