रिपोर्ट नॉर्मल, तरी छातीत आग

खुर्चीत बसल्यापासून ते शर्ट दोन बोटांच्या चिमटीत धरून छातीपासून लांब ठेवत होते. माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेले साठी ओलांडलेले गृहस्थ, सोबत पत्नी. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) "ईसीजी झाला, टू-डी एको झाला, सगळं नॉर्मल. तरी रात्र रात्र झोपत नाहीत. मुलगा म्हणतो, मनाचं आहे. म्हणून तुमच्याकडे आलो," त्या म्हणाल्या. ते एवढंच बोलले, "मॅडम, मी नाटक करत नाहीये."

मी त्यांना दुखणं बोटाने दाखवायला सांगितलं. बोट पाठीच्या कण्याजवळून निघालं, काखेखालून फिरून छातीच्या मध्यापाशी थांबलं. डावीकडेच. "पंख्याचा वारा लागला तरी भाजतं." तिथे कधी पुरळ आलं होतं का, असं विचारल्यावर पत्नीला आठवलं, चार महिन्यांपूर्वी नागीण झाली होती. खपल्या पडल्या, विषय संपला.

तो संपलेला नव्हता. प्रत्येक फासळीच्या खालच्या कडेने एक नस (रक्ताची नव्हे, संवेदना नेणारी) पाठीकडून पुढे येते. नागिणीचा विषाणू ती नस दुखावतो, आणि कातडी बरी झाल्यावरही नस चुकीचे निरोप पाठवत राहते. म्हणून साधा कपडाही निखाऱ्यासारखा लागतो. फासळी मोडल्यावर किंवा छातीच्या ऑपरेशननंतरही अशा वेदना होऊ शकतात. ईसीजीत त्या दिसत नाहीत, कारण ईसीजी हृदयाचा असतो. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे दुखणं खोटं, हा अर्थ काढला जातो तेव्हा मला फार वाईट वाटतं.

मी डॉक्टर नाही. चिठ्ठी देऊन त्यांना परत डॉक्टरांकडे पाठवलं. निदान तेच निघालं, नागिणीनंतर उरलेलं नसेचं दुखणं. रात्री प्रीगॅबालिन या नसेच्या दुखण्यावरच्या गोळीचा लहान डोस आणि जागा बधिर करणारी लिडोकेनची पट्टी सुरू झाली. पाचव्या दिवशी त्यांनी गोळी सोडली, "गुंगी येते, गुण नाही" म्हणून. अशा गोळ्या साध्या पेनकिलरसारख्या तासाभरात काम करत नाहीत, डोस हळूहळू वाढवावा लागतो आणि आपल्या मनाने एकदम बंद करायच्या नसतात, हे त्यांना कुणी नीट सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांशी बोलून गोळी पुन्हा सुरू झाली.

माझं काम भीतीशी होतं. सणक आली की ते श्वास रोखायचे, छाती आखडायची, धडधड वाढायची आणि 'हा अटॅकच' असं वाटायचं. आम्ही सणकेच्या वेळी लांब श्वास सोडण्याचा सराव केला. मुलालाही बोलावलं. त्याचा प्रश्न रास्त होता: "नातीशी खेळताना बाबांना दुखत नाही, ते कसं?" लक्ष दुसरीकडे गेलं की मेंदूला वेदना कमी जाणवते, म्हणून ती बनावट ठरत नाही. तो बराच वेळ गप्प बसला. मग वडिलांना म्हणाला, "मला कळलं नव्हतं."

छातीत दाब, घाम, दम लागणं, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ असेल, तर मात्र 'नसेचंच असेल' म्हणत घरी थांबू नका. थेट हॉस्पिटल गाठा. हे मी त्यांनाही कागदावर लिहून दिलं.

तीन महिन्यांनी ते सलग पाच तास झोपू लागले होते. आग थोडी उरली आहे. जाताना पत्नीने विचारलं, "मला नागीण झाली तर?" पुरळ दिसताच, शक्यतो 72 तासांच्या आत, डॉक्टरांकडे जा, म्हटलं, आणि पन्नाशीनंतर नागिणीची लसही मिळते, तीही विचारून घ्या.