बायको फक्त घरकाम करायची, अपघाताच्या दाव्यात तिच्या कामाची किंमत कशी धरतात?

दादा, "ती काही कमवत नव्हती" हे विमा कंपनीच्या वकिलाचं म्हणणं मनावर घेऊ नका. सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स खटल्यात सांगितलंय की गृहिणीचं काल्पनिक उत्पन्न, म्हणजे तिच्या कामाची अंदाजे किंमत, धरायचं, वर भविष्यातली वाढही द्यायची. वहिनी 38 वर्षांच्या होत्या, म्हणजे वाढ 40 टक्के आणि गुणक, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाला ज्यानं गुणतात तो आकडा, 15. त्यांचा स्वतःचा खर्च तेवढा वजा होईल.

खरी मेहनत पुराव्यात आहे. आमच्या आईच्या दाव्यात आम्ही नुसतं "घरकाम" लिहिलं, ती चूक आजही सलते. पहाटे म्हशीची धार, टँकर आला की हंडे भरणं, दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणी, अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं, हे तुमच्या शपथपत्रात एकेक करून येऊ द्या. डेअरीचं दुधाचं कार्ड, बचत गटाचं पासबुक जोडा. शेजारणीची साक्ष घ्या. शेतमजुरीचा किमान वेतनाचा दरही वकिलांना मांडायला लावा.

अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झाला तरी तुम्ही परभणीत राहता, तर दावा परभणीच्या मोटार अपघात न्यायाधिकरणातच करता येतो. कायद्यात सहा महिन्यांची मुदत लिहिलेली आहे, म्हणून दिवस-तेराव्यानंतर लगेच वकील गाठा.