स्टाइल बदलली तरी वर्डमधला मराठी मजकूर ‘मंगल’ फॉन्टमध्येच का राहतो? इंग्रजी तेवढा बदलतो.

तुम्ही स्टाइलमधला फक्त लॅटिन, म्हणजे इंग्रजी अक्षरांचा, फॉन्ट बदलला आहे. देवनागरीचा फॉन्ट ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ या रकान्यात वेगळा द्यावा लागतो. वर्ड प्रत्येक स्टाइलमध्ये दोन्ही लिप्यांचे फॉन्ट स्वतंत्र साठवतो, आकारसुद्धा. म्हणून इंग्रजी १४ आणि मराठी ११ असा बेढब प्रकार होतो. ‘नॉर्मल’ स्टाइलवर उजवी क्लिक, मग मॉडिफाय, फॉरमॅट, फॉन्ट. तिथे कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्सखाली देवनागरी अक्षरं असलेलाच फॉन्ट निवडा, उदाहरणार्थ नोटो सेरिफ देवनागरी. कॅलिब्री निवडून उपयोग नाही, त्यात देवनागरी नाहीच. हा रकाना दिसत नसेल तर:

- फाइल > ऑप्शन्स > लँग्वेज इथे मराठी जोडा
- वर्ड बंद करून पुन्हा उघडा

मजकूर निवडून परिच्छेदागणिक फॉन्ट बदलत बसू नका. पुढे शीर्षकं, तळटीपा सगळं विस्कटतं.

हे सगळं युनिकोड मजकुरासाठी, म्हणजे ज्यात प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा संकेतांक असतो. फाइल कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल, तर आत प्रत्यक्षात रोमन अक्षरंच असतात आणि फॉन्ट बदलताच अगम्य चिन्हं दिसतात. अशी फाइल आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करा, आणि त्यानंतर रफार व जोडाक्षरं एकदा नीट वाचून घ्या.