चावला की माणूस खलास?

प्रश्न : सर, पुतण्या सह्याद्रीत ट्रेकला गेला होता, त्यानं गुहेतल्या एका चपट्या लंब्या पायाच्या कोळ्याचा फोटो पाठवला. तेव्हापासून गावातल्या ग्रुपवर 'लय विषारी, चावला की माणूस खलास' असं फिरून राह्यलं. आता लोकं धुऱ्यावरच्या गोट्याखाली जे दिसन ते चपलेनं मारून राह्यले. खरंच विषारी हाय का तो?
– एक शेतकरी वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, आधी हे मारणं थांबवा. वर्णनावरून हा चाबूक-कोळी आहे आणि त्याला विष नाहीच, नांगी पण नाही, जाळंही विणत नाही. तोंडाजवळ काटेरी हात असतात, मोठ्या जातीचा मुठीत धरला तर बोराटीचा काटा लागल्यावाणी टोचेल, बस. चारिनस नावाच्या छोट्या जातींचं तर अंग जेमतेम सेंटिमीटरभर, ते माणूस दिसला की फटीत पळतात.

मला सगळ्यात भारी वाटतात ते त्याचे पुढचे दोन पाय. चालतो सहाच पायांवर, हे दोन धाग्यासारखे लांब पाय नुसते फिरवत राहतो, त्यांनीच वास घेतो, त्यांनीच चाचपतो, आणि रातकिडा, झुरळ टप्प्यात आलं की काटेरी हातांनी झटकन धरतो. कोस्टा रिकात संशोधकांनी अशा कोळ्यांना बिळापासून १० मीटरपर्यंत दूर नेऊन सोडलं तर बरेच रात्रीतून परत आले, डोळे झाकले तरी आले, पण या पायांची टोकं झाकली की वाट सापडेना!

मादी अंडी पोटाखालच्या पिशवीत घेऊन फिरते, पिल्लं निघाली की पाठीवर चढतात, पहिली कात टाकेपर्यंत तिथंच. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतो ना आपण, तसंच यांचंही, म्हणून एक मादी चिरडली की अख्खं कुटुंब जातं. क्युबातल्या चारिनस अकोस्टा जातीत तर माद्या नराशिवायच पिल्लं देतात. पाय तुटला तर पुढच्या कातीनंतर नवा येतो, आणि मोठं झाल्यावरही कात टाकणं चालूच.

भ्या बाळगायचं तर लाल विंचवाचं बाळगा, गोटा उचलताना हात सांभाळा. तो चावला तर मंत्र-झाडपाल्यात वेळ न घालवता लगेच सरकारी दवाखाना गाठा, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रुळवला आणि त्यानं कितीतरी जीव वाचले. ग्रुपवर हेच टाका.